आमच्या गच्चीचा कठडा

आमच्या घराला पंचावन्न वर्षे गच्ची नव्हती, आणि तिच्यावाचून कोणाचे काही अडल्याचे मला आठवत नाही. वर्तमानपत्र वाचायला ओटी होती, वाळवणाला अंगण होते, रुसून बसायला माडीवरची खिडकी होती. गच्ची असते ती दुसऱ्यांच्या घरांना. आपण कोजागिरीला तिथे दूध प्यायला जायचे, अशी आमची लहानपणापासूनची समजूत.

याला कारण भूकंप. साताऱ्यातले हे घर वडिलांनी १९६९ साली बांधले. त्यांच्या मनात मूळचा बेत वर स्लॅब टाकण्याचा होता. पुढेमागे आणखी एक मजला चढवता येईल, तोवर गच्ची म्हणून वापरू, असा हिशेब. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आई सांगते, त्यानंतर कित्येक रात्री घरातली सगळी माणसे ऐन थंडीत अंगणात निजत. वडिलांनी आपला नकाशा पुन्हा उलगडला आणि वरचा स्लॅब खोडून टाकला. "डोक्यावर जड काही नको," एवढेच म्हणाले. मग खाली दगडी जोते, विटांच्या भिंती आणि माडीवर मंगलोरी कौले. कौलांवर काही चढता येत नाही. मांजर चढते आणि पावसाळ्याच्या तोंडावर कौले चाळणारा माणूस चढतो. गच्चीचा विषय त्या दिवशी जो मिटला, तो मिटला.

खंत वाटली असेल तर ती एकट्या आईला. तिचे माहेर माण तालुक्यातले. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माण-खटावात तो वाट पाहायला लावतो. म्हणून इकडची छपरे उतरती आणि तिकडची सपाट. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला-काटक्या आणि त्यांवर हातभर माती चोपून बसवलेली: हे माळवद. पावसाळा जवळ आला की त्यावर खारी माती पसरायची, म्हणजे पाणी मुरत नाही. उन्हाळाभर सगळे घर रात्री त्यावर निजायला. आईच्या बोलण्यात माळवद आले की आम्ही ओळखायचो, आता अर्ध्या तासाची निश्चिंती. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाऊल टाकून मैत्रिणीकडे कसे जाता येई, पहाटे गार वारा सुटला की घोंगडी कोणाची कोणी ओढून घ्यायची, शेंगा वाळत घातल्या की राखण कोणाची, आणि त्या राखणीतच शेंगा निम्म्या कशा होत!

या आठवणी गोड आहेत, म्हणून माळवदे चांगली, असे मात्र मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातली तसलीच मातीची जड छपरे दगडमातीच्या भिंतींसकट निजलेल्या माणसांवर कोसळली. वडील त्या दिवशी बराच वेळ रेडिओपाशी बसून होते. आई त्यानंतर काही वर्षे माळवदाचे नाव काढीत नसे. पुढे हळूहळू पुन्हा काढू लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. २०२२ साली आम्ही घराच्या मागच्या अंगाला नवे स्वयंपाकघर काढले आणि त्याला लागून कोठीची एक अरुंद खोली. हेतू असा की, जुने स्वयंपाकघर मोकळे करून तिथे आईची खोली करावी. तिच्या गुडघ्यांनी २०२१ पासून संप पुकारला होता आणि माडीवरून खाली येणे बंद झाले होते. खोली रंगवून झाली, पलंग आला, पंखा लागला. चौघांनी खुर्चीवरून उचलून आईला एकदा खाली आणून ती दाखवलीसुद्धा. आईने सगळे नीट पाहिले आणि म्हणाली, "छान आहे. पाहुण्यांना होईल." लगेच तिला पुन्हा वर नेऊन पोचवावे लागले. माडीवरच्या त्या खोलीत ती आणि वडील चाळीस वर्षे राहिली होती. त्यापुढे आमचा पंखा काय करणार?

तेव्हापासून तिच्या पश्चिमेकडच्या खिडकीसमोर एक नवी वस्तू आली: आमच्या नव्या बांधकामाचा उघडा स्लॅब. खिडकीच्या चौकटीला जवळजवळ लागून, उन्हात तापलेला, सिमेंटच्या डागांनी भरलेला. वर्षभर आई त्याच्याकडे पाहत होती. एके दिवशी चहा देऊन सौ. वळली, तेव्हा आई म्हणाली, "या खिडकीचे दार करता येईल का ग?"

एवढ्या एका वाक्यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालली. वास्तविक गच्ची ही अशी एकच जागा आहे की जिचा काही उपयोग नसतो, आणि हाच तिचा उपयोग. झोपायची खोली झोपायला, न्हाणीघर न्हाण्याला. गच्ची कशाला, तर वर जायला. पण रिकामी जागा दिसली की माणसाच्या जिवाला चैन पडत नाही. सौ.ला तिथे कुरडया, पापड आणि वर्षाच्या मिरच्या दिसू लागल्या. पुण्याहून मुलाने फोनवर दिव्यांच्या माळा, झोपाळा आणि शेगडीवर भाजलेली कणसे यांचा बेत कळवला. नातवाला दुर्बीण हवी होती. नळवाल्याला तर त्या जागेत पाण्याच्या टाकीखेरीज दुसरे काही दिसेचना. "दोन हजार लिटरची बसंल बघा," असे तो येता-जाता सांगे. मी स्वतःसाठी एक वेताची खुर्ची मनात धरून ठेवली होती. आईला विचारले, "तुला काय हवे तिथे?" ती म्हणाली, "काही नको. वर आभाळ असू दे, म्हणजे झाले."

परवानगीचे सोपस्कार आम्ही रीतसर केले. त्यांत वाचण्यासारखे काही नाही. इंजिनिअरांनी नकाशे पाहून सांगितले की, हा स्लॅब माणसांचा वावर सोसेल अशा हिशेबानेच टाकलेला आहे, काळजी नको. मात्र कठड्याची विटांची भिंत घालायची ती खाली भिंत किंवा तुळई असेल तिथेच, मध्येच कुठेतरी नाही. कठड्याची उंची साडेतीन फूट, लहान मूल चढेल असा पायठेवा कुठेही नको. हे सगळे पटण्यासारखे होते. अडचण आली ती उत्तरेच्या बाजूला.

आमच्या उत्तरेला बाई राहतात. त्यांना सगळी आळी बाईच म्हणते, कारण आळीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत गणित शिकवले आहे. मलाही. आज अठ्ठ्याहत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, खुब्याचे दुखणे असल्याने जिना त्यांना वर्ज्य. आमच्या नव्या भिंतीपासून कुंपण पाच फुटांवर आणि कुंपणापलीकडे बाईंचे परसू. कुंपणाला लागून धुण्याचा दगड, त्यापलीकडे तुळशीवृंदावन, त्याच्याशेजारी एक लोखंडी खुर्ची. थंडीच्या दिवसांत न्हाऊन झाले की अकरापासून एकपर्यंत बाई तिथे उन्हात केस वाळवत बसतात. आमच्या स्लॅबच्या उत्तरेच्या कडेला उभे राहिले की हे सगळे थेट पायाखाली दिसते. म्हणजे आम्ही आमच्या घरात मोकळी हवा आणणार, आणि बाईंचे परसू मात्र कोणीही केव्हाही वरून पाहावे असे होऊन बसणार!

सौ.ने तोड काढली. तिन्ही बाजूंना साडेतीन फुटांचा कठडा करावा, आणि बाईंच्या बाजूला साडेपाच फुटांची भिंत. दृष्टीआड सृष्टी. मला ते फार सभ्यपणाचे वाटले. किल्ला आमच्या दक्षिणेला, यवतेश्वराचा डोंगर पश्चिमेला. उत्तरेला भिंत आली तरी आमचे काहीच जाणार नव्हते. शेजाऱ्यासाठी केलेल्या त्यागात आपले काही जात नसले म्हणजे तो करायला जरा जास्तच हुरूप येतो. २०२३ च्या डिसेंबरात मिस्त्रींना घेऊन मी ही आनंदाची बातमी द्यायला बाईंकडे गेलो.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग वर्गात विचारीत त्याच आवाजात विचारले, "तुझा स्लॅब जमिनीपासून किती?"

"साडेदहा फूट, बाई."

"त्यावर साडेपाच. म्हणजे सोळा. सावली किती पडेल?"

मी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री तुळशीकडे पाहू लागले.

"या दिवसांत आपल्याकडे सूर्य भर दुपारीसुद्धा एकोणपन्नास अंशांच्या वर चढत नाही," बाई म्हणाल्या. "दक्षिणेकडे कललेला असतो. उंचीच्या आठात सात धर. सोळा फुटांची चौदा फूट सावली. पाच फूट तुझ्या बोळात गेली. उरली नऊ. वृंदावन कुंपणापासून सात फुटांवर आहे. म्हणजे मी कुठे बसायचे?"

हिशेब बरोबर होता. स्लॅबची आजची सावली नऊ फुटांची, ती कशीबशी धुण्याच्या दगडापर्यंत पोचून थांबत होती. बाईंनी स्लॅब पडला त्याच वर्षी खडूने दगडावर रेघ मारून ती पाहून ठेवली होती. आम्हांला त्यातले काही बोलल्या नव्हत्या, कारण तोवर बोलण्यासारखे काही नव्हते.

"पण बाई, तुम्ही इथे बसता, वरून माणसे बघणार..."

"मला या वयात बघून कोण काय करणार आहे रे? ऊन तेवढे नेऊ नकोस." मग जराशा थांबून म्हणाल्या, "आणि भिंत घातलीस तर वहिनी कशा दिसणार?"

वहिनी म्हणजे आई. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नव्हते. अकराच्या उन्हाला कुंपणाशी उभे राहून बोलण्याचा या दोघींचा परिपाठ पस्तीस-चाळीस वर्षांचा. इकडून कढीपत्ता जायचा, तिकडून लिंबे यायची, आणि कढीपत्ता-लिंबे हे अर्थातच निमित्त. आईचे खाली येणे बंद झाले तेव्हापासून, बाईंना वर चढता येत नाही म्हणून, दोघींनी एकमेकींचे तोंड पाहिले नव्हते. मध्ये अंतर तीस फुटांचेही नाही. मोबाईल लावून दिला तर बाईंना त्यात ऐकू येत नाही आणि आईचा त्यावर विश्वास नाही. ती दोन वाक्ये बोलून "बरं, ठेवते" म्हणते आणि फोन परत करते.

मिस्त्री तोवर कामाला लागले होते. ते शिडीने स्लॅबवर गेले आणि साडेपाच फुटांचा एक बांबू उत्तरेच्या कडेला उभा धरला. बारा वाजून गेले होते. बांबूची सावली कुंपण ओलांडून वृंदावनाच्याही पलीकडे जाऊन पडली. मग त्यांनी साडेतीन फुटांवर खूण करून तेवढाच बांबू धरला. आता सावलीचे टोक वृंदावनाच्या पायरीला टेकले. म्हणजे नेहमीचा कठडासुद्धा तुळशीपर्यंत पोचतच होता.

"जाळी घालू का, साहेब?" त्यांनी वरून विचारले. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता, "थांबा, काठी जरा मागं घेऊन बघू या की," असे म्हणून एकेक फूट मागे सरकू लागले. खाली बाई आणि मी सावलीचे टोक पाहत होतो. ते तुळशीकडून दगडाकडे येऊ लागले. मिस्त्री तीन फूट मागे गेले आणि बांबूची सावली स्लॅबच्या स्वतःच्या सावलीत बुडून गेली. नाहीशीच झाली.

"आता किती?" बाईंनी खालून विचारले.

"तीन, बाई. पण चौथ्या फुटाखाली कोठीची भिंत हाय. तिथंच घालावी लागंल."

इंजिनिअरांच्या अटीलाही तेच हवे होते. कोठीची खोली चार फूट रुंद. तिची आतली भिंत बरोबर चौथ्या फुटावर. कठडा तिच्यावर उभा राहिला की ना खालच्या स्लॅबला भार, ना बाईंच्या उन्हाला धक्का. शिवाय चार फूट मागे उभ्या असलेल्या माणसाला स्लॅबच्या कडेमुळे धुण्याचा दगड दिसत नाही. नजर जमिनीला टेकते ती दगडाच्या पलीकडे. तुळस दिसते. तुळस काय, कोणीही पाहावी.

घरात हे सगळ्यांना एकदम पटले असे नाही. चौदा फूट लांबी आणि चार फूट रुंदी, म्हणजे छप्पन्न चौरस फूट जागा कठड्याबाहेर जाणार. मुलाने पुण्याहून साताऱ्यातल्या जागेच्या भावाने त्याची किंमत काढून कळवली. झोपाळा त्या छप्पन्न फुटांतच बसणार होता म्हणे. मी त्याला सांगितले, ऊन मोजायचा भाव तुला ठाऊक असेल तर तोही कळव. त्यावर त्याने फोन आईकडे दे म्हणून सांगितले. सौ.ने त्याला काय सांगितले कोण जाणे, पण पुढे त्याने विषय काढला नाही.

मग काम सुरू झाले. गच्ची म्हणजे चार बाजूंना कठडा, असे ज्याला वाटत असेल त्याने एकदा करून पाहावी. गच्चीचे खरे काम पायाखाली असते. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा, तोही असा की पाण्याला कुठे थांबावेसे वाटू नये. सगळा उतार पन्हळीकडे. भिंत आणि जमीन मिळते तिथे काटकोन ठेवायचा नाही, सिमेंटने गोलाई द्यायची, कारण पाणी कोपऱ्यातूनच घरात शिरते. मग पन्हळ बोळ्याने बंद करून गच्चीचे तळे करायचे आणि काही दिवस खाली स्वयंपाकघरात माना वर करून हिंडायचे. सौ.ने त्या दिवसांत पोळ्यांपेक्षा छताकडे अधिक पाहिले. पोळ्या करपल्या, छत कोरडे राहिले.

खिडकीचे दार करताना मात्र मी कामावर रजा मागितल्यासारखा बाहेर निघून गेलो. त्या खिडकीचे गज धरून मी पाढे म्हटले आहेत. परत आलो तेव्हा गज अंगणात पडले होते आणि आई उघड्या भगदाडासमोर खुर्ची टाकून, वाऱ्याने उडणारा पदर धरून बसली होती. तिला रजेची गरज पडली नव्हती.

दारापाशी शेवटचा तंटा उंबऱ्याचा. मिस्त्रींना सहा इंचांचा उंबरा हवा होता, नाहीतर यवतेश्वराकडून येणारा झडीचा पाऊस सरळ पलंगाखाली. पण सहा इंच म्हणजे आईच्या वॉकरला सह्याद्रीच. अखेर उंबरा ठेवला, त्याच्या दोन्ही अंगांना लांब, सावकाश उतार केले आणि दारावर तीन फूट पुढे आलेला सज्जा काढला. उतारावर खरखरीत लादी बसवली. जुन्या खिडकीची सागवानी फळी फेकून देणार होते, तिचे बाक झाले. माझी वेताची खुर्ची अजून यायची आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये एका सकाळी आई गच्चीवर आली. आम्ही सगळे मागे हात पसरून उभे, जणू ती पडायलाच निघाली आहे. मला वाटले, आता ती वर पाहील. दक्षिणेला अजिंक्यतारा स्वच्छ उन्हात उभा होता, तिकडे पाहील. ती कुठेच न पाहता वॉकर टेकत टेकत उत्तरेच्या कठड्याशी गेली, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि खाली पाहिले. बाई वृंदावनाशेजारी उभ्या होत्या. कोणी कळवले होते ते मी विचारले नाही.

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग आई म्हणाली, "बाई, तुळस वाढली की हो!"

"ती नव्हे वहिनी, ती गेली. ही तिचीच, तिसरी." बाईंनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिले. "तुम्ही वाळलात."

"तुम्हीसुद्धा."

त्यानंतरचे मी ऐकले नाही असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण बाईंना कमी ऐकू येते, त्यामुळे आईला ओरडून बोलावे लागते, आणि मग बाईही ओरडून उत्तर देतात. गेल्या दीड वर्षात आमच्या घरातली एकही गोष्ट आळीपासून लपलेली नाही. माझे रक्तदाब, सुनेची बदली, मुलाने घेतलेले कर्ज, सगळे अकरा वाजता उत्तरेच्या कठड्यावरून प्रसारित होते. कोपऱ्यावरचा वाणी परवा मला आपण होऊन म्हणाला, "काका, मीठ कमी करा."

बाकी गच्ची जशी असते तशी आहे. एप्रिलमध्ये कुरडया वाळतात आणि कावळे हाकलायला आईची काठी उपयोगी पडते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी बाईंनी खालून नातवाला हुकूम सोडला की, पितळी पेला घेऊन गच्चीच्या मध्यावर उलटा ठेव. साडेबाराच्या सुमारास पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली गडप झाली. सूर्य बरोबर डोक्यावर. आपल्या भागात असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा ढगांपुढे कोणाचे काही चालत नाही. पोरगा अर्धा तास स्वतःच्या पायांशी सावली शोधत होता. पहिल्या पावसाळ्यात पन्हळीच्या नळाशेजारी एक ओल आली, मिस्त्री येऊन ती बुजवून गेले. कठड्याबाहेरच्या त्या छप्पन्न फुटांत सौ.ने शेवंतीच्या बुटक्या कुंड्या ओळीने ठेवल्या आहेत. त्यांची उंची बाईंनी आधी विचारून घेतली.

आता दिवाळी आली आहे. आकाशकंदील पूर्वी ओटीवर लागायचा, तो गेल्या वर्षापासून गच्चीवर लागतो. तो कुठे टांगायचा हे आईने ठरवायचे आणि नीट दिसतो की नाही हे बाईंनी खालून सांगायचे, अशी वाटणी आहे. मी स्टुलावर चढून, हातात दोरी घेऊन उभा असतो. "जरा उजवीकडे!" असे बाई ओरडतात. "डावीकडे म्हणतायत," असे आई मला सांगते. उजवी त्यांची धरायची की माझी, याचा निकाल दोन वर्षांत लागलेला नाही.